गार पडलेला ॲम्प्लिफायर

१

शनिवारी सकाळी आत्याबाई केस पुसत उभ्या होत्या, तेवढ्यात भाच्याचा फोन आला.

"आत्या, लगेच ये. गार पडलाय."

आत्याबाईंच्या हातातला टॉवेल गळून पडला. "कोण रे? आणि कधी?"

"ॲम्प्लिफायर! कालपासून."

"मेल्या, आधी नाव घ्यावं माणसाने, मग गार पाडावं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि चपला घातल्या.

एकतीस वर्षं आत्याबाई घरोघर फिरून विजेचे मीटर वाचत होत्या. खात्यातली पहिली बाई मीटर रीडर. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी कुणाकडे गेल्या की बेल दाबायच्या आधी जिन्याखाली वाकून मीटर बघायची सवय गेली नव्हती. कुणाचा गिझर चालू राहिलाय, कुणी नवा एसी घेऊन भावांपासून लपवून ठेवलाय, हे त्यांना उंबरठ्याबाहेरच कळायचं. नातेवाईक त्यांना टरकून असत ते काही उगाच नाही.

भाच्याच्या मीटरचा लाल दिवा मिनिटाला जेमतेम दोनदा लुकलुकत होता; जितकी वीज जास्त, तितका हा दिवा भराभर. सकाळी साडेनऊला स्वयंपाकघरात काहीच चालू नाही, म्हणजे सूनबाई, भाच्याची बायको, घरात नाही. आत्याबाईंचा चेहरा बदलला आणि त्या तीन मजले चढून वर गेल्या.

भाच्याचं चष्म्याचं दुकान होतं. दुसऱ्यांचे नंबर बिनचूक काढणारा हा माणूस स्वतः मात्र समोरचं पाहायचा नाही, असं आत्याबाईंचं जुनं मत होतं. त्याला एकच व्यसन होतं, रेकॉर्ड ऐकायचं. आणि गेली दोन वर्षं एकच ध्यास, क्लास-ए ॲम्प्लिफायर.

"म्हणजे काय ते मला परत सांग," आत्याबाई खुर्चीत बसत म्हणाल्या. "मला एकच भाषा कळते, युनिटची."

"साधा ॲम्प्लिफायर गाणं मोठं झालं की जास्त वीज घेतो, थांबलं की कमी. क्लास-एचं तसं नाही. गाणं असो नसो, बटण दाबल्यापासून तो सारखीच वीज ओढत बसतो. म्हणून तो सतत तापलेला असतो. पण आवाज म्हणजे, आत्या... लोण्यासारखा."

"म्हणजे काम असो नसो, पूर्ण पगार घेणारा. आमच्या खात्यात असे पुष्कळ होते."

नवा घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून त्याने जुने धुंडाळले. पहिला होता एका हॉटेलवाल्याचा, तो भुंग्यासारखा गुणगुणायचा. दुसऱ्याचा डावा आवाज दमदार आणि उजवा आजारी. तिसरा एका दिवंगत डॉक्टरांचा. तो सुचवला कानसेनांनी. कानसेन म्हणजे दर रविवारी पाच वाजता स्वतःच्या घरी रेकॉर्ड ऐकायची बैठक भरवणारे गृहस्थ. वीस-पंचवीस शौकीन जमायचे आणि त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नसायचं.

"वापरलेला क्लास-ए पारखायची आमची एक रीत आहे," भाचा म्हणाला. "वर तळहात ठेवायचा आणि आकडे मोजायचे. दहापर्यंत हात टिकला तर तो क्लास-ए नव्हे. डॉक्टरांकडे मी चारला हात काढला, आत्या. चारला! तिथल्या तिथे घेतला, एकट्याने उचलून तीन मजले वर आणला. जमिनीवर पाय नव्हते माझे."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी बाबांनी साफसफाईला नेला." बाबा म्हणजे त्याचे सासरे, बाजारातले रेडिओ दुरुस्त करणारे मिस्त्री. "गुरुवारी परत दिला. काल दोन तास वाजवला आणि हात ठेवला. दहा झाले, वीस झाले, पन्नास झाले. कोमट! झाकण उघडलं तर आतल्या दोन बारीक स्क्रूंवर ताजा निळा रंग. स्क्रू फिरवला की बाबा त्यावर निळ्या रंगाचा थेंब सोडतात, ती त्यांची खूण आहे."

आत्याबाईंनी ॲम्प्लिफायरकडे पाहिलं. करड्या रंगाची पेटी, झाकण नव्यासारखं लख्ख. "मिस्त्रींना विचारलंस?"

"विचारलं. बाबा, आतला माल कुठे गेला, म्हटलं."

"असं विचारलंस? सासऱ्यांना?"

भाच्याने मान खाली घातली. "ते एवढंच म्हणाले की यंत्र आता बरोबर आहे. कानसेन म्हणतात, हा उघड-उघड माल बदलल्याचा प्रकार आहे, सभासदांना सावध करणं तुझं कर्तव्य आहे. उद्याच्या बैठकीत मी नाव घेणार."

"आणि सूनबाई?"

"सकाळी बॅग भरून बाबांकडे गेली. म्हणाली, उद्या तिथे बाबांचं नाव घेतलंस तर मी परत येणार नाही."

ती तोंडदेखलं बोलणाऱ्यातली नव्हती, हे आत्याबाईंना ठाऊक होतं. बैठकीतली माणसं म्हणजे मिस्त्रींचं अर्धंअधिक गिऱ्हाईक. म्हाताऱ्याचं दुकान आणि पोराचा संसार, दोन्ही उद्या पाच वाजता एका वाक्यात बुडणार होतं.

२

मिस्त्रींचं दुकान एवढंसं. आत एक माणूस वळला की दुसऱ्याने श्वास आवरून धरायचा. आत्याबाई गेल्या तेव्हा मिस्त्री एका रेडिओच्या पोटात डोकं घालून बसले होते. मागच्या स्टुलावर सूनबाई बसलेली, डोळे सुजलेले.

"तुम्हीसुद्धा संशय घ्यायला आलात, आत्या?"

"मी सगळ्यांवर सारखाच घेते गं. म्हणजे कुणा एकाला वाईट वाटत नाही." मग त्या मिस्त्रींकडे वळल्या. "व्याही, स्क्रू तुम्ही फिरवलेत?"

"फिरवले."

"का?"

"फार वर चढवून ठेवले होते. महिनाभरात आतून जळून गेला असता."

"आतलं काही काढलंत?"

"धूळ."

"मग जावयाला एवढं सांगायला काय झालं होतं?"

मिस्त्रींनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागले. काच आधीच स्वच्छ होती. चष्मा जावयानेच करून दिलेला. बराच वेळ पुसून झाल्यावर ते म्हणाले, "यंत्र आता बरोबर आहे."

खोटं बोलणारी माणसं आत्याबाईंनी खूप पाहिली होती. मीटरमध्ये काडी घालून वर 'या बाई, चहा घ्या' म्हणणारी. हा माणूस खोटं बोलत नव्हता, पण काहीतरी गिळून बसला होता. आणि गिळलेलं कधी चांगलं नसतं.

दुकानात प्रत्येक दुरुस्तीचं एक कार्ड असायचं. काय बिघडलं, काय केलं, सगळं त्यावर बारीक अक्षरात. खिळ्याला टांगलेला गठ्ठा आत्याबाईंनी सहज चाळला. जावयाच्या ॲम्प्लिफायरचं कार्ड त्यात नव्हतं. पण अर्ध्या उघड्या ड्रॉवरमध्ये एकच कार्ड पालथं पडलेलं दिसत होतं.

त्यांनी हात पुढे केला, तसा मिस्त्रींनी गुडघ्याने ड्रॉवर खटकन बंद केला.

"ते नाही," ते म्हणाले. "तेवढं राहू द्या."

३

त्या दिवंगत डॉक्टरांच्या पत्नीचं, डॉक्टरीणबाईंचं, घर तळमजल्यावर होतं. आत्याबाईंनी नेमाप्रमाणे आधी मीटर पाहिला. दिवा भराभर लुकलुकत होता. एकटी बाई, भर दुपार, आणि एवढी वीज?

दार उघडायला वेळ लागला. आतून काहीतरी ओढल्याचा आवाज आला, मग एक दार लागल्याचा. दार उघडल्यावर आत्याबाईंनी आपण चष्मेवाल्याच्या आत्या असल्याचं सांगितलं.

"ॲम्प्लिफायरबद्दल असेल तर मी परत घेणार नाही हं," डॉक्टरीणबाई उंबऱ्यातच म्हणाल्या.

"परत नाही, फक्त चौकशी." आत्याबाई आत शिरल्या. पंखा बंद, दिवा बंद, टीव्ही बंद. फक्त पलीकडच्या खोलीचं दार घट्ट लावलेलं. "बाई, तुमच्या घरात या क्षणाला हजार वॅटचं काहीतरी चालू आहे. त्या खोलीत काय आहे?"

डॉक्टरीणबाई पांढऱ्याफटक पडल्या. "काही नाही."

"काही नाही, तर ते शेकत का बसलंय?"

त्या क्षणी दाराआडून एक क्षीण 'भुक्' ऐकू आलं.

डॉक्टरीणबाई खुर्चीत बसल्या आणि रडू आवरत म्हणाल्या, "कुणाला सांगू नका. इथे कुत्रा ठेवायची परवानगी नाही. डॉक्टर गेल्यापासून याच्याशिवाय मला कोण आहे? चौदा वर्षांचा झालाय, सांधे धरतात, म्हणून हीटर लावून ठेवते."

"मी कुत्र्यांचं रीडिंग घेत नाही," आत्याबाई म्हणाल्या आणि दोघी हसल्या. त्यानंतर डॉक्टरीणबाईंचा बांध फुटला. ॲम्प्लिफायर जिथे असायचा ती फळी त्यांनी दाखवली. चांगली जाड फळी, पण मध्ये झोळीसारखी वाकलेली. वरच्या भिंतीचा रंग भाजून पिवळा पडलेला.

"रंगकाम काढलं तेव्हा दोन गड्यांनी उचलला तो, तरी एकाची कंबर धरली. आणि तापायचा किती! डॉक्टर थंडीत त्यावर मोजे वाळवायचे. एकदा नायलॉनचा हिरवा मोजा वितळून चिकटला, टाचेचा डाग कायमचा बसला. बारा वर्षं घासला मी, गेला नाही. कानसेनांना विक्रीचं सांगितलं, तर ते साफ करायला म्हणून घरी घेऊन गेले. आठ दिवस ठेवला, एक पै घेतली नाही, आणि आणला तेव्हा डागसुद्धा गायब! देवमाणूस."

"तुमच्याकडून नेला आणि आणला, तो त्यांनी एकट्याने?"

"नेताना ड्रायव्हर होता बरोबर. आणताना एकटेच घेऊन आले. मी तर म्हटलं, या वयात केवढी ताकद!" डॉक्टरीणबाई थांबल्या. "फक्त एक झालं. तुमचा भाचा बघायला आला त्या दिवशी जळका वास येत होता. डॉक्टरांच्या वेळी कधी आला नाही."

आत्याबाई वाकलेल्या फळीकडे बघत राहिल्या. आता जणू त्यांच्याच तळहाताला चटका बसला होता.

४

घरी पोचल्याबरोबर त्यांनी भाच्याला फोन लावला.

"त्या ॲम्प्लिफायरचं कंपनीचं माहितीपत्रक आहे ना तुझ्याकडे?"

"तोंडपाठ आहे."

"वजन किती लिहिलंय?"

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. तोंडपाठ होतं ते सगळं वॅटचं होतं, वजनाचं नाही. "एकोणतीस किलो. का?"

"काही नाही. याच पेटीत कंपनी दुसरा काही विकायची का?"

"याचा धाकटा भाऊ होता एक. तसाच चेहरा, तशीच पेटी, पण आत साधा. कानसेनांकडे तोच आहे. पण मागच्या पट्टीवर नंबर असतो, आत्या, तो मी बघून घेतला होता. मी काय खुळा आहे?"

या प्रश्नाचं उत्तर आत्याबाईंनी टाळलं. "बैठकीत काय काय होतं रे?"

"आधी कानसेन घरातलं सगळं बंद करतात. फ्रिज, पंखे, दिवे, अगदी दारावरची बेलसुद्धा. या सगळ्यांची वीज मध्ये आली की गाण्यात खरखर येते म्हणतात. पाणीसुद्धा कोमट मिळतं. मग एक रेकॉर्ड, मग पाच मिनिटं त्यांचं प्रवचन, मग पुढची. दोन महिन्यांपासून यंत्रं पडद्याआड ठेवतात. म्हणतात, डोळ्यांनी ऐकू नका, कानांनी ऐका."

"वा! उद्या मी येईपर्यंत तोंड उघडायचं नाही."

"पाचला बैठक, सहाला मी बोलणार. तू ये नाहीतर नको येऊस. आणि आत्या, तू बाबांची बाजू घेणार असशील तर..."

आत्याबाईंनी फोन ठेवला. सगळं त्याला सांगून टाकावं असं फार वाटलं. पण पोराच्या तोंडात तीळ भिजत नसे. रात्र व्हायच्या आत तो कानसेनांना विचारायला गेला असता, 'हे खरं का हो?' म्हणून. आणि उद्या पडद्याआड काहीही सापडलं नसतं.

संशयाला आकार आला होता. पण नुसत्या संशयावर तर भाचाही उभाच होता. त्याच्यात आणि आपल्यात फरक पडायचा तर पुरावा हवा, आणि दुसऱ्याच्या घरात शिरून पडदा ओढायचा अधिकार आत्याबाईंना नव्हता.

मीटर मात्र जिन्याखाली असतात, आणि ते बघायला कुणाची परवानगी लागत नाही.

५

रविवारी सव्वापाचला कानसेनांच्या इमारतीत जिन्याखाली तीन माणसं उभी होती. आत्याबाई डोळ्यांवर चष्मा चढवून, मिस्त्री भिंतीला पाठ लावून, आणि सूनबाई हातात घडी केलेलं एक कार्ड घेऊन.

"बाबा झोपल्यावर ड्रॉवरमधून काढलं," ती आत्याबाईंच्या कानाशी म्हणाली. "वाचा."

आत्याबाईंनी वाचलं. चष्मा काढून डोळे पुसले आणि कार्ड ब्लाउजमध्ये खोचलं.

"मला इथे कशाला उभं केलंय?" मिस्त्री कुरकुरले. "वर तो माझी अब्रू काढणार, ती खालून ऐकायला?"

"गप्प बसा आणि घड्याळ धरा. मिनिट झालं की सांगा."

दुसऱ्या मजल्यावरून बंद दाराआडचं व्हायोलिन झिरपत होतं. कानसेनांच्या मीटरचा लाल दिवा लुकलुकत होता. आत्याबाई पुटपुटत मोजत होत्या.

"मिनिट," मिस्त्री म्हणाले.

"चौदा."

व्हायोलिन चढलं, अख्खा वाद्यवृंद सामील झाला, जिन्याचा कठडा थरथरायला लागला.

"मिनिट."

"चौदा."

मग रेकॉर्ड संपली. वर शांतता. कानसेनांचं प्रवचन सुरू झालं असणार. मिस्त्री आता भिंत सोडून पुढे आले होते. तिघांचे डोळे त्या इवल्याशा दिव्यावर.

"मिनिट," मिस्त्री म्हणाले.

"चौदा," आत्याबाई म्हणाल्या. "फ्रिज बंद, पंखा बंद, दिवे बंद, गाणंही बंद. सांगा व्याही, वर काय चालू आहे?"

मिस्त्री दिव्याकडे बघत राहिले. "साधा असता तर दोन-तीनवर आला असता," ते हळूच म्हणाले. "तो... तो वर आहे."

तेवढ्यात वरून एक ओळखीचा आवाज आला, खणखणीत, थोडा कापरा.

"मित्रहो, पुढची रेकॉर्ड लावण्याआधी मला एक नाव घ्यायचं आहे."

सहा वाजायला अजून वीस मिनिटं होती. कार्ट्याला दम नव्हता. आत्याबाईंनी साडीचा काठ उचलला आणि गुडघ्यांची तमा न बाळगता जिना चढायला सुरुवात केली.

६

बेल बंद होती, म्हणून त्यांनी दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या. कुणीतरी दार उघडलं. अंधुक खोलीत वीस-बावीस जण ओळीने बसलेले. भाचा उभा. त्याच्या मागे पडद्याशेजारी कानसेन, पांढरीशुभ्र दाढी, हात जोडलेले. आत्याबाईंच्या पाठीमागे सासरा आणि बायको दिसताच भाच्याचं वाक्य अर्धंच राहिलं.

"नाव घे हो, पण आधी मला पाणी दे," आत्याबाई धापा टाकत म्हणाल्या. घोटभर प्यायल्या. "कोमट आहे. म्हणजे फ्रिज बंद आहे ना, कानसेन?"

"बैठकीत आम्ही सगळंच बंद ठेवतो," कानसेन गोड हसले.

"तेच विचारते. खाली तुमचा मीटर गाण्याला चौदा मारतो आणि शांततेलाही चौदाच. तुमचा ॲम्प्लिफायर तर साधा ना? मग गाणं नसताना एवढी वीज पितो कोण?"

खोलीत चुळबुळ झाली. या मंडळींना मीटर कळत नसला तरी 'गाणं असो नसो सारखीच वीज' याचा अर्थ त्यांच्याइतका कुणाला कळणार! पहिल्या रांगेतले एक गृहस्थ वळून पडद्याकडे बघायला लागले.

"आता तू," आत्याबाई भाच्याला म्हणाल्या. "डॉक्टरांकडून आणलास तेव्हा तीन मजले कुणी चढवला?"

"मीच. एकट्याने."

"एकोणतीस किलो? तू? लग्नात बायकोची सुटकेस उचलताना तुझी पाठ धरली होती." कुणीतरी हसलं. "डॉक्टरांचा उचलायला दोन गडी लागायचे. म्हणजे तो मिस्त्रींच्या दुकानात जायच्या आधीच हलका झाला होता रे. तू विकत घेतलास तोच धाकटा भाऊ. मागची पट्टी बदललेली, आणि आतले स्क्रू पिळून मुद्दाम तापवून ठेवलेला. कारण तापवणाऱ्याला पक्कं माहीत होतं की तुम्ही लोक कानाने नाही, तळहाताने विकत घेता. त्या दिवशीचा जळका वास तोच."

भाचा जागीच बसला. कुणीतरी खुर्ची सरकवली होती म्हणून बरं.

"बाई, मीही एखादा क्लास-ए विकत घेतला असेल," कानसेन म्हणाले. हसू अजून होतं, पण दाढीत हरवलं होतं. "तो गुन्हा आहे का?"

"मुळीच नाही. मग पडदा सरकवा. त्याच्या झाकणावर टाचेएवढा हिरवा डाग नसेल तर मी सगळ्यांच्या पाया पडते. डॉक्टरांचा मोजा वितळला होता त्यावर. बारा वर्षांत जो डाग गेला नाही, तो तुमच्याकडे आठ दिवसांत गेला. डाग गेला नव्हता, कानसेन, झाकणासकट अख्खा ॲम्प्लिफायरच इथे राहिला."

कानसेन जागचे हलले नाहीत. पडदा मिस्त्रींनी सरकवला. त्यांनी झाकणावर तळहात ठेवला आणि मनाशी मोजायला लागले. चारला हात उचलला. हाताखालच्या जागेवर, मेणासारखी पसरलेली, एक हिरवी टाच होती.

मग कानसेनच फुटले. "कुणाचं काय नुकसान झालं? डॉक्टरीणबाईंना पूर्ण पैसे मिळाले. तिथे पडून तो सडणारच होता. आणि तू रे?" ते भाच्याकडे वळले. "दोन तास ऐकलास ना परवा? आवाजात काही कमी वाटलं? हात लावेपर्यंत खूषच होतास की! तुझ्यासारख्याला क्लास-ए कशाला हवा?"

हे मात्र भाच्याला लागलं. कारण ते खरं होतं. आवाजाने त्याला काही सांगितलं नव्हतं. हाताने सांगितलं, आणि त्या हाताच्या भरवशावर तो ज्या माणसावर धावून गेला होता, तो आता पडदा धरून, नजर चुकवत उभा होता.

"बाबा," तो म्हणाला, "तुम्ही उघडलात तेव्हाच तुम्हाला कळलं असणार. मला का नाही सांगितलंत?"

मिस्त्रींनी चष्मा काढला. पुसायला लागले.

आत्याबाईंनी कार्ड काढून भाच्याच्या हातात दिलं. दुसऱ्यांना अक्षरं वाचायला लावणारा तो, ते बारीक अक्षर वाचताना दोनदा अडखळला.

"'स्क्रू फार चढवलेले, खाली आणले. निळा रंग लावला. हा क्लास-ए नाही. डॉक्टरही फसलेले दिसतात, गेलेल्या माणसाला आता उघडं पाडू नये. जावयाला सांगू नये. दोन वर्षं वाट पाहिली आहे, फार आनंदात आहे. मजुरी नाही.'"

त्याला रडू कोसळलं, बावीस माणसांसमोर, आणि त्याने ते आवरलं नाही. मग तो उभा राहिला.

"मी नाव घ्यायला आलो होतो," तो म्हणाला. "घेतो. यांना मी परवा चोर म्हणालो. हे माझे सासरे. या गावात यांच्याइतका सरळ माणूस मला माहीत नाही, आणि माझ्याइतका आंधळा चष्मेवालाही." तो वाकून मिस्त्रींच्या पाया पडायला गेला, तर त्यांनी मध्येच त्याला दंडाला धरून उभं केलं.

"पुरे, पुरे. प्लग काढ आणि हा निवू दे. तापलेला उचलायचा नसतो."

आत्याबाईंनी डॉक्टरीणबाईंना फोन लावून विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मी विकला तो डॉक्टरांचा. तोच त्याने न्यावा. आणि त्या दाढीवाल्याला सांगा, माझ्या दारात पाऊल टाकलंस तर कुत्रा सोडीन." सभासद एकेक करून चपला घालून निघून गेले. कानसेनांना कुणी 'येतो' म्हटलं नाही.

तासाभराने जावई आणि सासरा, एक एका टोकाला आणि एक दुसऱ्या, असे तो ॲम्प्लिफायर घेऊन भाच्याच्या घराचा जिना चढत होते. दर सहा पायऱ्यांवर थांबत. मागून आत्याबाई, हातात डॉक्टरांच्या ॲम्प्लिफायरची वायर.

"बाबा, तुमच्याकडे जड येत असेल तर सांगा."

"तू तुझं टोक सांभाळ."

सूनबाई आधीच वर गेली होती. खालच्या मीटरवर आत्याबाईंची सहज नजर गेली होती, दिवा चांगला भराभर लुकलुकत होता. स्वयंपाकघर चालू झालं होतं. तिसऱ्या मजल्यावर ती दार उघडून उभी होती. दोघांचे घामेजलेले चेहरे तिने पाहिले, बापाचा आधी, मग नवऱ्याचा.

"मागचा तर एकट्याने आणला होतास," ती म्हणाली.

"हो," भाचा धापा टाकत म्हणाला. "तो खोटा होता."